गाईच्या चिकातली प्रतिपिंडं वासराच्या रक्तात अख्खीच्या अख्खी कशी जातात?

गुहागरची_गोठेवाली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे कोकण कपिला गाई आहेत. त्यातली थोरली परवा रात्री व्याली. पाडी झालीय, तांबूस रंगाची, अंगाने बारीक पण चलाख. सासूबाईंचं म्हणणं असं की वार पडेपर्यंत पाडीला सडाला लावायचं नाही, नाहीतर वार आत अडकते. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, पहिल्या तासा-दोन तासांत जाईल तेवढा चीक पोटात घाला, उद्या पाजलात तर पोट भरेल पण रोगाशी लढायची ताकद मिळणार नाही. मी डॉक्टरांचं ऐकलं. पाडी छान उड्या मारतेय.

प्रश्न माझ्या मुलीने काढला. ती अकरावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "आई, चिकातली प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनंच ना? प्रथिनं पोटात गेली की त्यांचे तुकडे होतात, अमिनो आम्लं होतात आणि मग ती रक्तात जातात. अख्खं प्रथिन पेशीपटलातून जाऊच शकत नाही, असं आमच्या पुस्तकात आहे. मग तुकडे झालेली प्रतिपिंडं काय कामाची? आणि अख्खी जात असतील तर आपण रोज बांगड्याचं सार खातो, त्यातलं प्रथिन अख्खं का जात नाही रक्तात?"

मला उत्तर देता आलं नाही. शिवाय माझा एक प्रश्न: ही चोवीस तासांची मुदत कसली? आतड्याला कसं कळतं एक दिवस झाला म्हणून? कोणी नीट समजावून सांगाल का? मुलगी बाजूलाच बसलीय.

सडा_ते_सह्याद्री

वहिनी, बरं केलंत ऐकलंत ते. मी कुडाळकडे पशुवैद्यक आहे, हा वार पडायचा घोळ मला वाडीवाडीत भेटतो. वार साधारण व्याल्यावर काही तासांत आपली आपण पडते. बारा तास उलटून गेले तरी नाही पडली तर आम्हाला बोलवायचं, हाताने ओढायची नाही. आणि पाडी सडाला लागली की गाईच्या मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्याने पान्हा फुटतो आणि गर्भाशयही आवळतं. म्हणजे पाजल्याने वार पडायला मदतच होते. सासूबाईंना एवढं सांगा, त्यांना पटेल. जुन्या बायकांना जनावर कळतं, फक्त कारण सांगायला लागतं.

गाईच्या वारेतून प्रतिपिंडं पोटातल्या वासराकडे जातच नाहीत. त्यामुळे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतात. सगळी मदार चिकावर. चांगल्या चिकात लिटरमागे 50 ग्रॅम किंवा जास्त आयजीजी (प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) असतं, नेहमीच्या दुधात एक ग्रॅमसुद्धा नसतं. पहिल्या पाजणीला वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक द्यावा. पंधरा किलोची पाडी असेल तर दीड लिटर. पीत नसेल तर बाटलीने, मान फार वर न करता, सावकाश. चीक श्वासनळीत जाता कामा नये.

कास आणि सड आधी कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या. शेणाने माखलेला सड तोंडात गेला तर चिकाच्या आधी जंतू आत पोचतात आणि मग पांढरी हगवण मागे लागते. नाळेला आयोडीन लावायला विसरू नका. पेशीच्या आत काय चालतं ते इथल्या जीवशास्त्रवाल्यांनी सांगावं, मीही वाचीन.

हर्णैच्या_बाई

ताई, तुमच्या मुलीची शंका अगदी मोक्याच्या जागी आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त होऊन हर्णैला असते. पुस्तकात हा भाग अर्ध्या पानात उरकतात, एक गोल काढतात, चार बाण काढतात आणि पुढच्या धड्याला जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सजीवाची निम्मी कामं या अर्ध्या पानावर चालतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पुस्तकाची बाजू. पेशीपटल म्हणजे मेदाच्या रेणूंचे दोन थर, जाडी सुमारे 5 नॅनोमीटर. ग्लुकोजचं रेणुवस्तुमान 180. एवढाल्या लहान रेणूंना पटलात ठरलेले प्रथिनांचे मार्ग असतात. चिकातल्या आयजीजीचं रेणुवस्तुमान आहे दीड लाखाच्या आसपास, आणि त्याचा पसारा 10 नॅनोमीटरच्या पुढे. म्हणजे ज्या पटलातून जायचं त्याच्या जाडीपेक्षा हा रेणू मोठा. त्याला जाऊ देईल एवढं भोक पेशीने उघडं ठेवलं तर बाहेरचं कॅल्शियम आत घुसेल, आतलं पोटॅशियम बाहेर जाईल आणि पेशी मरेल. तेव्हा पुस्तक खरंच सांगतं: अख्खं प्रथिन पटलातून जात नाही.

पण पटल स्वतः वाकतं, आणि सगळी करामत तिथे आहे. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या लहान आतड्याच्या अस्तरातली एक पेशी डोळ्यांपुढे आण, बाळा (आता मी तुझ्याशीच बोलते). तिचा वरचा काठ आतड्याच्या पोकळीकडे आहे, तिथे चीक साचलाय. पटलाला तिथे आत खळगा पडतो. खळगा खोल होत जातो, त्याचं तोंड आवळतं, जुळतं आणि पटलाचा एक बंद फुगा पेशीच्या आत सुटतो. चीक त्या फुग्यात. हीच पुटिका. या आत घेण्याला एन्डोसायटोसिस म्हणतात. वासराच्या या पेशींत अशा पुटिका एकमेकींत मिसळून मोठमोठ्या पोकळ्या तयार होतात, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी अक्षरशः फुगलेली दिसते. मग ही पोकळी पेशीच्या खालच्या बाजूला सरकते, तिथल्या पटलाला चिकटते, दोन्ही पटलं एक होतात आणि आतला माल पेशीच्या मागे रिकामा होतो. हे एक्झोसायटोसिस. एका काठाने घेऊन दुसऱ्या काठाने सोडण्याच्या या पूर्ण प्रवासाला ट्रान्ससायटोसिस म्हणतात. तिथून प्रतिपिंडं थेट रक्तात शिरत नाहीत, आधी लसिकावाहिन्यांत (पेशींमधला द्रव रक्ताकडे नेणाऱ्या नळ्यांत) जातात आणि मानेजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळतात.

आता जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गाडी नेलीत की गाडी वाशिष्ठीची खाडी ओलांडते, पण तिचं चाकसुद्धा पाण्याला लागत नाही. प्रतिपिंडाचंही तसंच. ते पेशीतून आरपार गेलं, पण पेशीच्या आतल्या द्रवाला त्याचा एकदाही स्पर्श झाला नाही. पुटिकेच्या आतली जागा ही पेशीची "आतली" जागा नव्हेच, ती बाहेरच्या जगाचा पटलात गुंडाळलेला तुकडा आहे. खळगा पडताना पटलाची जी बाजू चिकाकडे होती तीच पुटिकेत आतल्या बाजूला येते, आणि पुटिका पलीकडे उघडली की तीच पुन्हा बाहेरच्या बाजूला जाते. कुठेही पटल फाटलं नाही, कुठेही भोक पडलं नाही. म्हणजे पुस्तकातला नियम मोडलाच नाही, तो पाळूनच पेशीने दीड लाखाचा रेणू पलीकडे नेला. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचा सगळा पेशीविज्ञानाचा अभ्यास सोपा जातो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलंय.

तुमच्या पाडीच्या रक्तातल्या एका प्रतिपिंडाने हा प्रकार कितीदा केला बघा. ते तयार झालं तुमच्या गाईच्या एखाद्या प्लाझ्मा पेशीत, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीत. तिथे आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या प्रथिनं घडवायच्या जागेत) घडलं, पुटिकेतून गॉल्जी संकुलात (ती पुढे पाठवायच्या जागेत) गेलं, तिथून पुन्हा पुटिकेतून पेशीबाहेर, गाईच्या रक्तात. व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत कासेतल्या पेशी रक्तातून हे आयजीजी वेचून घेतात आणि पुटिकांतून चिकात सोडतात. हे इतकं जोरात चालतं की त्या दिवसांत गाईच्या रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. आणि मग पाडीच्या आतड्याची पेशी. सगळीकडे पुटिकाच. डॉक्टरांनी वर ज्या ऑक्सिटोसिनचं सांगितलं तेही पिट्युटरी ग्रंथीत बारीक पुटिकांत भरून तयार ठेवलेलं असतं. पाडीने सड ओढला की त्या पुटिका रक्ताकडे उघडतात.

मुदतीचं विचारलंत. आतडं घड्याळ बघत नाही. जन्माच्या वेळी अस्तरात ज्या पेशी असतात त्या गर्भात तयार झालेल्या, समोर येईल ते मोठाल्या घोटांनी आत घेणाऱ्या. एक तर त्यांची ही क्षमता वापरून वापरून संपत जाते, आणि दुसरं म्हणजे खालून नव्या पेशी वर येऊन त्यांना बाजूला सारतात. नव्या पेशींना ही सवय नसते. त्या जे थोडंफार आत घेतात ते लयकारिकांकडे, म्हणजे पचवणाऱ्या पुटिकांकडे पाठवतात. हा बदल जन्मल्यापासूनच चालू होतो, म्हणून दुसऱ्या तासाचा चीक आणि दहाव्या तासाचा चीक यांत फरक पडतो. चोवीस तासांनी जवळजवळ काहीच अख्खं जात नाही.

पण आधी पोटात तुकडे का झाले नाहीत? पहिल्या दिवशी वासराच्या पोटात आम्ल फार कमी असतं, आणि चिकातच ट्रिप्सिनला, म्हणजे आतड्यात प्रथिनं तोडणाऱ्या पाचक रसाला, अडवणारे घटक असतात. गाईने मालाबरोबर त्याचं संरक्षणही दिलंय.

तुमच्या बांगड्याच्या साराचं उत्तर त्यातच आलं. आपल्या जठरात पुरेसं आम्ल आहे, प्रथिनं तोडणारं पेप्सिन आहे, पुढे ट्रिप्सिन आहे, प्रथिनाचे तुकडे आधीच होतात. अगदी शून्य अख्खं जातं असं मात्र म्हणू नका. आपल्या लहान आतड्यात एम पेशी नावाच्या खास पेशी असतात. त्या आतड्यातल्या मालाचे बारीक नमुने पुटिकांतून खाली बसलेल्या पांढऱ्या पेशींना नेऊन दाखवतात, म्हणजे शरीराला कळतं काय येतंय आत.

आणि शेणाच्या सडाचं. वासराच्या त्या पेशी निवड करत नाहीत. चीक समोर असेल तर चीक घेतात, जंतू समोर असतील तर जंतूही आत जाऊ शकतात. म्हणून चीक आधी पोचला पाहिजे आणि स्वच्छ पोचला पाहिजे. डॉक्टरांनी गोठ्यातलं म्हणून जे सांगितलं ते पेशीतलंच आहे.

गुहागरची_गोठेवाली

बाई, मी मुलगी लिहितेय. फेरीबोटीमुळे एकदम कळलं. आम्ही दापोलीला आजीकडे त्यानेच जातो. दोन शंका आहेत. पुटिकेला कसं कळतं की आपण खालच्या बाजूला जायचं, लयकारिकेकडे नाही? आणि माणसाच्या बाळालाही पहिल्या दिवशीच चीक मिळाला नाही तर प्रतिपिंडं मिळतच नाहीत का? माझा जन्म झाला तेव्हा आई आजारी होती, मला पहिला चीक मिळाला नव्हता, असं आजी सांगते.

हर्णैच्या_बाई

तुझी दुसरी शंका आधी घेते, कारण ती तुझ्या मनाला लागलेली दिसते. काळजी करू नकोस. माणसाची वार गाईसारखी नाही. माणसाच्या बाळाला आयजीजी जन्माआधीच, वारेतूनच मिळतं, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ते बऱ्याचदा आईपेक्षाही थोडं जास्त असतं. तुझ्या रक्तात तुझ्या आईची प्रतिपिंडं तू रडायच्या आधीच होती.

इथली पद्धत वासराच्या आतड्यापेक्षा जास्त नेमकी आहे, आणि तुझ्या पहिल्या शंकेचं निम्मं उत्तरही इथेच आहे. वारेतल्या पेशी आईच्या रक्तातला द्रव पुटिकेत घेतात. पुटिका आत गेली की पेशी तिच्यात प्रोटॉन ढकलून ती आम्लधर्मी करते, पीएच 6 च्या आसपास. पुटिकेच्या पटलात एफसीआरएन नावाचं ग्राही, म्हणजे ठरावीक रेणूला पकडणारं, प्रथिन असतं. ते आम्लात आयजीजीला घट्ट धरतं. ज्याला धरलं ते वाचलं, ते पलीकडच्या काठाला जातं. बाकीची प्रथिनं लयकारिकेकडे. पलीकडे पुटिका बाळाच्या बाजूला उघडली की तिथला पीएच 7.4, तिथे ही पकड आपोआप सुटते. आम्लता थोडी बदलली एवढ्यावर धरणं आणि सोडणं ठरतं. असं ग्राही असलं पाहिजे हे ब्रॅम्बेल या शास्त्रज्ञाने ते कोणाच्या हाती लागायच्या खूप आधी, प्रतिपिंडं आईकडून पिल्लाकडे कशी जातात याच्या अभ्यासावरून ताडलं होतं. 1989 साली सिमिस्टर आणि मोस्टॉव्ह यांना उंदराच्या पिल्लाच्या आतड्यातून त्याचं जनुक मिळालं. हेच ग्राही आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं, म्हणून आपलं आयजीजी सुमारे तीन आठवडे टिकतं. इतर बरीच प्रथिनं त्याच्या कितीतरी आधी संपतात.

उरलेलं निम्मं उत्तर पुटिकेच्या बाहेरच्या अंगावर असतं. प्रत्येक पुटिकेवर काही प्रथिनं असतात, आणि जिथे जायचं त्या पटलावर त्यांची जोडीदार प्रथिनं असतात. त्यांना स्नेअर म्हणतात. जोड जुळली की ती एकमेकांभोवती पिळली जातात आणि दोन्ही पटलांना इतकं जवळ ओढतात की ती एक होतात. चुकीची जोडी असेल तर सहसा काहीच होत नाही. पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं, त्यावरून मोटर प्रथिनं पुटिका ओढत नेतात, त्याला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतं. या व्यवस्थेसाठी शेकमन, रॉथमन आणि स्यूडहॉफ यांना 2013 चं नोबेल मिळालं. शेकमनने ते यीस्टमध्ये शोधलं. तापमान 37 अंशांवर नेलं की ज्यांच्या पुटिका बाहेर पडायच्या थांबतात असे यीस्ट त्याने वेगळे काढले. त्या पेशींत न सुटलेल्या पुटिकांची नुसती दाटी दिसते.

खळगा पडतो कसा, हेही कोणीतरी विचारलंच पाहिजे, तू नाही विचारलंस तरी सांगते. 1964 साली रॉथ आणि पोर्टर एडिस डासाच्या मादीची अंडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. मादी रक्त प्यायली की तिच्या शरीरात अंड्यासाठी पिवळ्या बलकाचं प्रथिन तयार होतं आणि अंडपेशी ते भराभर आत ओढते. त्यांना दिसलं की रक्त प्यायल्यावर अंडपेशीच्या पटलावर खळग्यांची संख्या प्रचंड वाढते आणि प्रत्येक खळग्याला आतून काटेरी अस्तर असतं. ते अस्तर कशाचं ते बार्बरा पीअर्सने 1975 च्या सुमारास डुकराच्या मेंदूतून वेगळं करून दाखवलं: क्लॅथ्रिन. तीन पायांचा रेणू, असे अनेक एकमेकांत गुंतले की षटकोन-पंचकोनांचा गोल पिंजरा होतो आणि पटल त्याच्याबरोबर वाकतं. मानेपाशी डायनामिन नावाचं प्रथिन कडं घालून तोंड आवळतं. फळमाशीत हे प्रथिन बिघडलेलं असलं की उष्णता वाढवताच माशी लुळी पडते, कारण तिच्या चेतापेशींना वापरलेल्या पुटिका परत आत घेता येत नाहीत. थंड केली की पुन्हा चालू लागते. यावर आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फार चांगलं काम झालंय.

हे सगळं वाचून विसरशील. डोळ्याने बघितलंस तर विसरणार नाहीस, म्हणून एक प्रयोग सांगते. गोठ्यातला भाताचा पेंढा मूठभर घे, पाण्यात उकळ, गार झाला की त्यात तळ्याचं किंवा भातखाचरातलं थोडं पाणी घाल आणि झाकून सावलीत ठेव. आठवड्या-दोन आठवड्यांत त्यात पॅरामेशियम नावाचे एकपेशीय जीव होतील, पाण्याच्या वरच्या थराजवळ भिंगातून पांढरे ठिपके पळताना दिसतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेकरीचं यीस्ट चिमूटभर घेऊन काँगो रेड रंगात उकळून घ्या. हा रंग विषारी आहे, हातमोजे घालायचे, घरी आणायचा नाही, काम बाईंसमोरच करायचं. त्या लाल यीस्टचा थेंबाचाही थेंब पॅरामेशियमच्या थेंबात सोड. कापसाचे चार तंतू घाल म्हणजे त्यांचं पळणं कमी होईल. मग काचपट्टी ठेवून बघ.

पॅरामेशियमच्या मुखखाचेच्या (तोंडाच्या खाचेच्या) टोकाशी लाल यीस्टचा एक गोळा जमतो, गोळा फुगतो आणि टप्पकन सुटून आत वाहायला लागतो. लगेच मागे दुसरा तयार व्हायला लागतो. सुटलेल्या गोळ्यावर नजर ठेव. काही मिनिटांत लाल रंग जांभळट होतो, मग निळा. काँगो रेड आम्लात निळा होतो. म्हणजे त्या पोकळीत आम्ल आलं. पण गोळ्याच्या कडेला बघ, निळा रंग काठाशी थांबतो. बाजूचा पेशीद्रव स्वच्छ, रंगहीन. पेशीने आपल्याच पोटात आम्लाची पिशवी घेतलीय आणि त्यातलं काही तिच्या अंगाला लागत नाही. पुढे तो गोळा पुन्हा तांबूस होतो, पेशीत फेरी मारतो आणि उरलेला गाळ एका ठरलेल्या जागेतून बाहेर टाकला जातो. एकाच काचपट्टीवर घेणं आणि टाकणं दोन्ही बघायला मिळतं. माझ्या विद्यार्थ्यांतली जी मुलं कधी काही विचारायची नाहीत ती या दिवशी सूक्ष्मदर्शक सोडायची नाहीत.

आरोग्यसेविका_राजापूर

हर्णैच्या बाईंनी मनातलं लिहिलं. आम्ही गरोदर बायकांना धनुर्वाताची लस देतो तेव्हा बऱ्याचजणी विचारतात, सुई मला आणि फायदा बाळाला कसा? तो हाच. आईच्या रक्तात प्रतिपिंडं होतात आणि वारेतून बाळाकडे जातात, म्हणून नाळ कापताना जंतू गेले तरी बाळ वाचतं. भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. त्यात दवाखान्यातली बाळंतपणं वाढली हाही मोठा भाग आहे.

फक्त एक जोडते, नाहीतर कोणी म्हणेल वारेतून सगळं मिळतं तर चीक कशाला. माणसाच्या चिकात मुख्यतः आयजीए हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड असतं. ते रक्तात जायला नसतंच, ते बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना चिकटू देत नाही. म्हणून जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावायचं. पहिलं पिवळट दूध काढून टाकायचं नाही, मध चाटवायचा नाही, साखरपाणी नाही. अजूनही काही घरांत हे करतात आणि मला दरवेळी तेवढंच वाईट वाटतं.

हर्णैच्या_बाई

अगदी बरोबर, आणि आयजीएही पुटिकेतूनच येतं. स्तनातल्या पेशीच्या मागच्या बाजूला एक ग्राही त्याला धरतं, दोघं मिळून पेशीतून दुधाच्या बाजूला येतात आणि तिथे ग्राहीचा पुढचा भाग कापला जाऊन आयजीएला चिकटूनच दुधात उतरतो. तो तुकडा आयजीएला बाळाच्या आतड्यातल्या पाचक रसांपासून वाचवतो. एक ग्राही एकदाच वापरलं जातं. पेशीला हे महाग पडतं, तरी ती करते.

गुहागरची_गोठेवाली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने वहीत सगळं उतरवून घेतलंय आणि पेंढा उकळायला पातेलं मागतेय. सासूबाईंना ऑक्सिटोसिनचं सांगितलं, त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेताला मीच लावीन पाडसाला." आता शेवटचं विचारते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक रक्तात जाणार नसेल तर तो पाडीला द्यायचा की सगळ्याचा खरवस केला तर चालेल? शेजारी दोन घरांतून वाटी आलीय खरवसासाठी. आणि पहिला चीक उरला तर ठेवता येतो का?

सडा_ते_सह्याद्री

पाडीचं पोट भरून मग खरवस, वहिनी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकातलं आयजीजी रक्तात जात नसलं तरी आतड्यात राहून तिथल्या जंतूंना आवर घालतं, हगवण कमी लागते. तेव्हा तिचा हिस्सा तिला द्या. गाय चांगली दुधाची असेल तर घराला आणि शेजाऱ्यांना उरतोच. खरवसाचा चीक पाडीसाठी गरम करू नका. वाफेवर तो वडीसारखा धरतो कारण त्यातली प्रथिनं, प्रतिपिंडं धरून, उष्णतेने गोठतात. खायला उत्तम, पाडीच्या रक्तासाठी निरुपयोगी.

पहिल्या धारेचा उरला तर स्वच्छ बाटलीत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, वर गाईचं नाव आणि तारीख लिहा. वर्षभर चालतो. काढताना बाटली कोमट पाण्यात ठेवायची, पाण्यात हात धरवेल एवढंच गरम, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. पुन्हा गोठवायचा नाही. वाडीत कुणाची गाय व्याल्यावर दगावली किंवा कास सुजली तर त्या वासराला ही बाटली लागेल, तेव्हा तुमच्याकडे आहे हे शेजारच्या गोठ्यांना सांगून ठेवा.